चांद्याचा खोकला

दिवाकर गेडामला क्षय असल्याचं ज्या सकाळी कळलं, त्या सकाळी छावणीतल्या लोकांनी त्याच्या हातची खिचडी नळाखाली ओतून दिली. आदल्या दिवसापर्यंत हीच माणसं ताट पुढं करून दुसऱ्यांदा वाढून घेत होती. चंद्रपूरकडच्या, म्हणजे जुनी माणसं ज्याला चांदा म्हणतात तिकडच्या लग्नांत हजार-हजार पानांच्या पंगती उठवलेला हा आचारी. तो होता म्हणून उत्तरेतल्या या थंड मुलुखात, खारवलेल्या माशांच्या वासात, वरणाला फोडणी तरी मिळत होती.

मार्गिट नावाची नर्स स्वतः मुदपाकखान्यात आली. तिच्या कॉलरला भाषांतराचं बटण होतं. ती तिच्या भाषेत हळूच काहीतरी बोलली आणि बटण पुस्तकी मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "कृपया आपण स्वयंपाकगृहातून बाहेर यावे. आपल्या श्वासात क्षयरोगाचे जिवंत जंतू आढळले आहेत. घाबरण्याचे कारण नाही."

दिवाकरनं हातातला झारा खाली ठेवला. शेजारी ऋतुजा कांदा चिरत होती. परभणीची ही तिशीतली विधवा पहिल्या दिवसापासून त्याच्या हाताखाली होती. त्याला मामा म्हणायची. तिची चार वर्षांची सई पिठाच्या पोत्यावर बसून त्याच्याकडून गोष्टी ऐकायची. ऋतुजानं सुरी टाकली, सईला उचललं आणि त्याच्याकडं न बघता मागच्या दारानं निघून गेली.

दिवाकरला शेवटच्या रांगेतल्या एकट्या खोलीत हलवलं. दारावर सहा भाषांत पाटी लागली: अंतर राखा. ती पाटी नसती तरी लोकांनी अंतर राखलंच असतं. नांदेडच्या कच्छवे मास्तरनं तर त्याचं ताट-वाटी काठीनं ढकलत ढकलत खोलीपर्यंत आणून सोडली.

आठ उत्तरी देशांच्या निवारा मंडळानं वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांमधला पट्टा 'राहण्यास अयोग्य' ठरवला होता. उष्णतेबरोबर हवेतला दमटपणा एका मर्यादेपलीकडे गेला की घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की धडधाकट माणूससुद्धा सावलीत बसल्या बसल्या आतून शिजतो. दिवाकरची बायको शोभा तशीच गेली, वीज गेलेल्या दुपारी, ओल्या चादरीखाली. त्या पट्ट्यातल्या माणसाला उत्तरेत कायमचा आसरा होता. परभणी-नांदेडकडचं ऊनही काही दयाळू नव्हतं, पण मंडळाची रेघ तिथवर गेली नव्हती. त्यामुळे छावणीत जो तो स्वतःला चांद्याचा म्हणवत होता. कागदपत्रांवर मंडळाचा विश्वास उरला नव्हता. मराठी कान असता तर 'मले' आणि 'मला' यातच निकाल लागला असता. बटणाला दोन्ही सारखंच ऐकू येत होतं.

क्षयाची तपासणी मात्र छावणीत आल्यावर काही दिवसांत प्रत्येकाची होई. मोफत, न टोचता, आपल्याच आरोग्यासाठी. एका मुखपट्टीला जोडलेल्या नळीत थोडा वेळ श्वास सोडायचा, एवढंच. चूल फुंकायची सवय असलेल्या बायांनी त्या यंत्राचं नाव 'फुंकणी' ठेवलं होतं.

"पण मले हा लागला कुठून?" दिवाकरनं एकदा गोळ्या घेताना मार्गिटला विचारलं.

मार्गिट खुर्ची ओढून दारात बसली. तिला हे समजावून सांगायला आवडत असे. "हा जंतू पिढ्यान् पिढ्या वाढताना त्याच्या जनुकांत क्वचित एखादे अक्षर चुकते," बटण म्हणालं. "झालेली चूक पुढच्या सर्व पिढ्यांत राहते. जसे एखाद्या घराण्यातले नाक. त्या चुका जुळवल्या की कोणाचा जंतू कोणापासून आला, कोणत्या गावचा आहे, ते कळते. आपला जंतू चंद्रपूरच्या खाणींच्या वस्तीतला आहे. आपण तरुणपणी तो श्वासावाटे घेतला असावा."

"तवापासून पोटात घेऊन फिरतो मी?"

"फुप्फुसात. शरीर त्याच्याभोवती भिंत बांधते. दहापैकी नऊ माणसांत तो त्या भिंतीआड जन्मभर निजून राहतो, त्यांना काहीही होत नाही. परंतु त्याचे तुकडे श्वासात येतात. आमचे यंत्र तेवढ्यावरून त्याला ओळखते. आपण दहावे. गोळ्या नियमित घेतल्यास काही आठवड्यांत आपल्यापासून कोणालाही धोका राहणार नाही."

"मंग मी चुलीपाशी येऊ शकतो?"

"अवश्य," बटण म्हणालं. मार्गिट हसली.

आणि मग मंडळाचा निर्णय आला. थंडी सुरू होता होता छावणीतल्या सगळ्यांना मोठ्या गोदामात बसवून तो वाचून दाखवला. माणूस खोटं बोलू शकतो, जंतू बोलत नाही. ज्याच्या फुप्फुसात चंद्रपूरचा जंतू, तो चंद्रपूरचा, त्याला निवारा. ज्याच्यात दुसरीकडचा, तो परत. ज्याच्यात काहीच नाही, त्याची जहाज येईतो अधूनमधून पुन्हा तपासणी, तरी काही निघालं नाही तर परतीचं जहाज.

"तपासणी फुकट व्हती ती याच्यासाठी व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं. मार्गिट भिंतीशी उभी होती. ती त्या दिवशी कुणाच्याच डोळ्यांना डोळा देत नव्हती.

ऋतुजा आणि सई, दोघींच्याही छातीत काहीच नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी कच्छवे मास्तर दिवाकरच्या खोलीत आला. काठीशिवाय आला. हातात घडी घातलेलं नवं ब्लँकेट होतं.

"भाऊ, गारठा लई झालाय. म्हटलं तुमच्याजवळ बसावं घडीभर."

दिवाकरचे डोळेच भरून आले. इतक्या दिवसांत मार्गिटखेरीज कुणी उंबरा ओलांडला नव्हता. "बसा ना मास्तर. बसा, बसा." तो खाटेवरून सरकला. मास्तर बसला, उठला, खिडकी घट्ट लावून पुन्हा बसला, या वेळी अगदी मांडीला मांडी लावून.

"खोकला कसाय तुमचा?"

"कमी हाय आता."

मास्तरचा चेहरा पडला. तेव्हा कुठं दिवाकरला उमगलं.

"मास्तर, येडे झाले का तुमी? हा रोग हाय. मानसं मरतात यानं."

"दहातला एक," मास्तर शांतपणे म्हणाला. "बाईच म्हणती की. नऊ जणांना काहीच होत नाही. आणि झालंच तर गोळ्या फुकट. हिशेब साधा आहे, भाऊ. परत गेलो तर काय होतंय ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय."

दिवाकरनं त्याला हाकलून दिलं. मास्तर दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला. तिसऱ्या दिवशी आणखी तिघं आले. त्यांनी भांडीकुंडी आणली, डाळ-तांदूळ आणले, "भाऊ, तुम्ही नुसतं सांगा, आम्ही रांधतो," म्हणाले. एकाच परातीत जेवले. त्याच्या पेल्यातलं उरलेलं पाणी मास्तरची बायको घटाघट प्याली. भजनं झाली, भेंड्या झाल्या. दारं-खिडक्या बंद, आत चाळीसेक माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि मधोमध दिवाकर. तो बोलायला लागला की सगळे पुढं झुकायचे. तो खोकला की कुणी तोंड फिरवायचं नाही.

त्याला बरं वाटत होतं. शोभा गेल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. ही माणसं आपल्यासाठी आलेली नाहीत हे त्याला ठाऊक होतं, पण ती आली होती. दिवसभर हसून-बोलून घसा बसायचा, आणि ती उठून गेली की खोली खायला उठायची.

"गोळ्या एकदमच सोडू नका, बाईला संशय येईल," मास्तरनं सुचवलं. "ती पुढ्यात असेल तेव्हा घ्यायच्या. नसेल तेव्हा राहू द्यायच्या."

मार्गिटला आता इतर छावण्याही बघाव्या लागत होत्या. गोळ्या दारात ठेवून ती पुढं जायची. ज्या दिवशी उभी राहील त्या दिवशी दिवाकर गोळ्या गिळायचा. उरलेल्या दिवसांच्या खाटेखाली जायच्या.

ऋतुजाही त्या गर्दीत असायची. पहिल्यांदा आली तेव्हा तिनं त्याच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "मामा, त्या दिवशी चुकलंच माझं." तो म्हणाला, "जाऊ दे वो." ती रोज सगळ्यात पुढं बसायची, त्याच्या तोंडासमोर. महिना सरला. मास्तरच्या फुंकणीत चांद्याचा जंतू आला, त्याच्या बायकोच्या आला, एकेकाचा येत गेला. ऋतुजाचा येईना. काही छात्या तशा असतात, लागणच होत नाही.

एका दुपारी बाकीचे गेल्यावर ती मागं थांबली.

"मामा, मला काही लागंना. आता सई तेवढी राहिली."

लहान मुलाच्या अंगात जंतू सापडला तर तो त्याच्या घरातलाच, असं मंडळ धरून चालायचं. मूल चांद्याचं ठरलं की आई आपोआप चांद्याची.

"नाई," दिवाकर म्हणाला.

"मामा—"

"नाई म्हनलं ना! मोठ्या मानसाची गोष्ट येगळी. लहान लेकराच्या मेंदूत चढते हा. मार्गिटबाईनं सांगतलं मले. तिले आनू नको इथं."

तिनं आणली. त्यानं दार उघडलं नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा दार बंद. आत बसून तो सईची बडबड ऐकायचा. "आबा झोपलेत का?" ती विचारायची. असं किती तरी दिवस चाललं. इकडे ज्यांचं काम झालं होतं ते यायचे थांबले. आधी मास्तर थांबला, मग त्याच्यामागोमाग सगळे. खोली पुन्हा पहिल्यासारखी झाली. खोकला मात्र वाढला होता.

परतीच्या जहाजाची तारीख लागली, त्या दिवशी ऋतुजानं दार वाजवलं नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि बंद दाराशी बोलायला लागली.

"सईला भाऊ व्हता, मामा. तुम्हाला कधी सांगितलं नाही. सहा वर्षांचा. पत्र्याच्या खोलीत गेला. पंखा चालू व्हता. पंखा चालू असून गेला. माझ्या मांडीवर तापून तापून गेला आणि मी पदरानं वारा घालीत व्हते, गरम वारा. दहातल्या एकाला होतं म्हणता तुम्ही. तिकडं दहाच्या दहाला होतं, मामा."

दिवाकरनं दार उघडलं. ऋतुजा आत येईतो सई तिच्या हातातून सुटून खाटेवर चढली आणि सरळ त्याच्या मांडीत जाऊन बसली. चाळीस माणसं महिनाभर त्याच्या श्वासाशी बसली होती, पण असं मायेनं कुणी त्याला बिलगलं नव्हतं. तिनं त्याच्या दाढीचे खुंट चाचपून बघितले आणि हसली.

त्यानं तिला उचलून आईच्या हातात द्यायला हवी होती. त्याला ते त्या क्षणीही कळत होतं.

"खिडकी लावून घे," तो ऋतुजाला म्हणाला.

पुढच्या सगळ्या दुपारी त्याच्या आयुष्यातल्या फार गोड दुपारी होत्या. तो सईला ताडोबाच्या वाघाची गोष्ट सांगायचा. लग्नाच्या पंगतीत येऊन बसलेला वाघ, आणि त्याला बुंदी वाढणारा भित्रा आचारी. सई हसायची. हसताना तोही हसायचा, आणि हसता हसता खोकला यायचा. ऋतुजा भिंतीकडे तोंड करून बसायची. "जवळ जाऊन ऐक, सई," ती भिंतीकडे बघतच म्हणायची. "अजून जवळ."

सईच्या श्वासात चांद्याचा जंतू सापडला, तेव्हा जहाज धक्क्याला लागलेलं होतं. ऋतुजा गोदामाच्या दारात मटकन खाली बसली आणि ओरडून ओरडून रडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मंजूर झालेल्यांची बस निघाली त्या सकाळी दिवाकर कुंपणापर्यंत गेला. निरोप घ्यावा म्हणून. त्याला बघताच रांगेतल्या माणसांनी मफलर नाकावर ओढून घेतले. त्यांना जंतू झोपलेला ठेवायच्या गोळ्या चालू झाल्या होत्या, आणि एकही न चुकवता ते त्या घेत होते. "आता पुन्हा नको उगाच," कुणीतरी म्हणालं. मास्तरनं लांबून हात केला. ऋतुजानं सईचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं आणि ती बसमध्ये चढली. सई आतून काचेवर हात आपटत होती. आईनं तिला दुसऱ्या बाजूला बसवलं.

दिवाकरचं नाव मंजुरीत पहिल्या दिवसापासून होतं. पण संसर्गजन्य माणसाला शहरात जाता येत नसे. त्यानं आता मन लावून गोळ्या घ्यायला सुरुवात केली. खोकला कमी होईना. थुंकीत रक्त दिसायला लागलं.

बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हा मार्गिट आली. ती दारात बसली नाही. आपादमस्तक झाकलेली, खिडकीच्या काचेबाहेर उभी राहिली. मग ती बोलली, आणि बटण म्हणालं, "आपला जंतू आता कोणत्याही उपलब्ध औषधास दाद देत नाही. अर्धवट घेतलेल्या औषधामुळे दुर्बळ जंतू मरतात व बळकट उरतात. ते उरलेले वाढतात."

"मी मरन का?"

"सावकाश," बटण म्हणालं. "मी दुसरे सांगावयास आले आहे. सई नावाची बालिका गेल्या आठवड्यात रुग्णालयात मरण पावली. जंतू मेंदूच्या आवरणात गेला होता. तिला नियमित गोळ्या दिल्या जात होत्या. त्या तिच्या जंतूवर चालल्या नाहीत."

दिवाकरनं काचेला दोन्ही हात टेकले.

"आणि बाकीचे?"

"ते सर्व सुखरूप आहेत. त्यांना आरंभी लागण झाली, तेव्हा आपला जंतू साधा होता. बालिकेस सर्वांत शेवटी झाली."

किती दिवस आपण दार लावून बसलो होतो, ते दिवाकरला आठवलं. तिला वाचवायला म्हणून.

मार्गिटचा आवाज चढला. ती काचेवर मूठ आपटून काहीतरी सांगत होती. बटण मात्र तितक्याच शांतपणे बोलत राहिलं, "मी मंडळास कळवले की चाळीस माणसांमध्ये एकाच माणसाचा जंतू आहे, फरक असलाच तर एखाद-दुसऱ्या अक्षराचा. मंडळाने उत्तर दिले की जंतू चंद्रपूरचा आहे, तेवढे पुरेसे आहे. निर्णय बदलल्यास पद्धतच चुकीची ठरेल. बालिकेच्या मृत्यूमुळे तिच्या मातेच्या निवाऱ्याच्या हक्कास कोणतीही बाधा येणार नाही."

त्या दिवसापासून दिवाकरच्या दाराला बाहेरून कुलूप लागलं. दाराच्या खालच्या अंगाला ताट सरकवण्यापुरती एक झडप केली. तीही बाहेरूनच उघडायची.

ऋतुजा एकदाच आली. अंगात शहरातल्या धुलाईघराचा निळा कोट होता, हात साबणानं सोलले होते. ती काचेपाशी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"जमीन गोठली व्हती," ती म्हणाली. "मशीननं खणावी लागली. इवलुसा खड्डा, त्याला एवढी मोठी मशीन."

"ऋतुजा... पोरी..."

"तुम्ही नाही म्हणाला व्हता, मामा. तेच धरून बसायचं व्हतं."

"तूच तं आनलं तिले माह्यापाशी," तो कसाबसा म्हणाला.

"मी आणणारच. मी आई व्हते, मला एक पोर आगीत गेलेलं दिसत व्हतं, मला दुसरं काही दिसत नव्हतं. तुम्हाला दिसत व्हतं. तुम्हाला सगळं कळत व्हतं. मास्तर यायचा बंद झाला व्हता ना? तुम्हाला जवळ माणूस पाहिजे व्हतं. म्हणून खिडकी लावाय सांगितली."

दिवाकरची नजर खिडकीच्या कडीवर गेली.

"मला कायमचं राहाय दिलंय," ऋतुजा म्हणाली. जणू कुणी तिसऱ्याचीच गोष्ट सांगत होती. मग ती वळली आणि बस थांबते तिकडे चालायला लागली.

पुढच्या जहाजातून नवी माणसं आली. कुलपाआडून दिवाकरला त्यांची बोली ऐकू यायची. बीडकडची, लातूरकडची, सोलापूरकडची. नव्या फुंकणीत ज्यांच्यात काही निघालं नाही, त्यांच्यातला एकजण एका भरदुपारी खोलीशी आला. पंचविशीचा असेल. कडेवर गुंडाळलेलं मूल होतं.

"दिवाकर गेडाम तुम्हीच ना?" त्यानं काचेतून विचारलं.

"मांगं हो!" दिवाकर ओरडला. "मांगं हो बाप्पा! याले औषध नाई आता. चार वर्साची पोरगी गेली माह्यापायी. ऐकलं का? औषध नाई!"

"माहीत आहे," तो माणूस म्हणाला. "जहाजावरच ऐकलं."

"मंग?"

"लेकरू गेलं, पण तिच्या आईला ठेवून घेतलं ना?" तो खालच्या आवाजात, समजुतीनं बोलत होता, जसा कुणी बाजारात बोलतो. "मागं अजून दोन पोरं आहेत माझी. बायको आहे."

तो खाली वाकला. दिवाकर धडपडत दाराशी गेला. झडपेला आतून कडी नव्हती. त्यानं उशी ओढून फटीत कोंबली, तिच्यावर गुडघे टेकले, बाहेरून ढकलणाऱ्या हाताला अंगाच्या सगळ्या वजनानं अडवून धरलं. अंगात वजन फारसं उरलं नव्हतं. एवढ्या धडपडीनं छातीत कळ उठली. त्यानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, श्वास कोंडला, डोळे पांढरे केले, आणि तरी खोकला आलाच. एकामागून एक, थांबेना. उशी गुडघ्याखालून सरकली.

झडप उघडली. उजेडाच्या त्या चौकोनात आधी एक लोकरी टोपी आली, मग दोन टपोरे डोळे, मग शेंबडं नाक.

"मोठा श्वास घे, बाळा," मागून बाप म्हणत होता. "अजून मोठा."